जावयाला सांगायचं कुणी

अक्काची पहिली दोन बाळंतपणं आमच्या घरी, तेरला झाली. मुलीचं बाळंतपण माहेरी करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात वडील किंवा भाऊ जाऊन तिला घेऊन येतात आणि बाळानं बाळसं धरलं की सासरची माणसं दोघांना न्यायला येतात. अक्काच्या बाबतीत दोघांना न्यायची वेळ कधी आली नाही. पहिलं मूल पोटातच गेलेलं होतं. दुसरा मुलगा एकोणीस दिवस जगला.

मी तेव्हा गावातल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. शाळेतून आलो की बाळाच्या नाकाची घरघर ओसरीपर्यंत ऐकू यायची. सर्दी झाली म्हणून आई ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायची. पण त्याच्या तळहातांची आणि तळपायांची कातडीही सुटत होती, भाजल्यासारखी. दूध ओढताना नाक चोंदायचं, तो दमायचा आणि सोडून द्यायचा. त्याचा चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा दिसायचा. अक्का भिंतीला टेकून बसायची आणि त्याला म्हणायची, "आरं, थोडं तरी वढ की. माझ्यासाठी वढ." विसाव्या दिवशी सकाळी मी आणि माझे वडील, आप्पा, त्याला तेरणेच्या काठी पुरून आलो. नदीवर हात धुताना आप्पा एवढंच म्हणाले, "तिच्या पुढं रडू नको."

अक्काचं सासर कळंबला. भुसार मालाचं दुकान होतं. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, माल खरेदीला महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस बाहेरगावी असायचे. बाजारच्या गावांत मुक्काम, रात्री व्यापाऱ्यांच्या बैठका. माणूस दिलदार, हसरा, कुणालाही आवडावा असा. घरात कडक कारभार सासूचा. बाळ गेल्यावर तिचा निरोप आला : "तुमच्या घरात बाळंतिणीची जागा बाधते. पुढच्या खेपेला बघून करा." आईनं ते मनाला लावून घेतलं. खोली पुन्हा सारवली, खाट दुसऱ्या भिंतीला लावली, तुळजापूरला नवस बोलली. अक्कानं मंगळवार धरले. दिवसभर पाण्यावर राहायची आणि वर शेणी थापायची.

मी वाचणारा माणूस. शाळेच्या कपाटात आरोग्यावरचं एक जुनं पुस्तक होतं. त्यात एक वाक्य सापडलं, की बाईची मुलं पोटात किंवा जन्मल्याबरोबर जात असतील तर आईबापांचं रक्त तपासून घ्यावं. मी आप्पांच्या मागं लागलो. आप्पा निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते. कागदावर लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास होता. ते तयार झाले. आम्ही अक्काला घेऊन धाराशिवला गेलो. डॉक्टरांनी रक्त घेतलं, तपासायला बाहेर पाठवलं आणि तीन आठवड्यांनी यायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मुलीला बाहेर बसवा." ती बाहेर बाकावर जाऊन बसली. पुढं जे काही झालं ते त्या बाकापासून सुरू झालं, असं मला वाटतं.

डॉक्टर वयस्कर होते, सरळ बोलणारे. म्हणाले, "उपदंश आहे. तुम्ही लोक गरमी म्हणता. मुलं त्यानंच गेली."

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "साहेब, आमची मुलगी तशी न्हाय."

"मी कुठं म्हणतो? हा तिनं आणलेला नाही, तिला आलेला आहे. जावई फिरतीवर असतात का?"

"व्यापार आहे त्यांचा."

"मग त्यांना घेऊन या. आता पेनिसिलीनच्या सुया निघाल्यात, दहा दिवसांत माणूस बरा होतो. पण दोघांनी घेतल्या पाहिजेत. तिला एकटीला देऊन उपयोग नाही. मी इथं बरी करून पाठवीन आणि ती तिथं जाऊन पुन्हा घेऊन येईल."

"जावयाला कसं आणायचं, साहेब? जावई आहेत ते आमचे."

"तुमचे जावई. माझ्यासाठी पेशंट." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. नवऱ्यानं लवकरात लवकर येऊन भेटावं, एवढंच त्यात होतं.

बाहेर आलो तर अक्का एका म्हातारीची गाठोडी सांभाळत बसली होती. म्हातारी आत गेली तशी ती उठली. स्टँडवर आप्पा तिकिटाला गेले तेव्हा तिनं मला गाठलं. "काय म्हनला डाक्टर?"

आप्पांनी दवाखान्याच्या पायरीवरच माझा दंड धरून सांगितलं होतं, घरात बायकांना काही कळता कामा नये. पण मी ते निमित्त पुढं करणार नाही. मी पंचविशीचा होतो, शिकलेला होतो, आणि त्या घडीला ती आणि मी दोघंच होतो.

"रक्तात अशक्तपणा आहे," मी म्हणालो. "सुया घ्याव्या लागतील."

"अशक्तपनानं पोरं जात्यात?"

"जातात."

ती खुशीत आली. दुखण्याला नाव मिळालं होतं आणि त्याला औषध होतं. "बघ, मी म्हनत हुते की जागंचं काही न्हाय. आईला सांग आता. खाट परत जाग्यावर लाव म्हनावं."

मे महिन्याची सुट्टी होती. रोज सकाळच्या गाडीनं मी तिला धाराशिवला न्यायचो. दहा दिवस, दहा सुया. सुई देणाऱ्या नर्सबाईशी तिची गट्टी जमली. नर्सबाई विचारायची, "आज कुठली बाजू?" आणि पडद्याआडून अक्काचा आवाज यायचा, "दोन्ही बाजू तुमच्याच, पन हात हलका ठिवा बाई. म्हशीला टोचल्यावानी टोचता." येताना ती लंगडायची आणि हसायची. लग्नानंतर सलग इतके दिवस ती कधी घराबाहेर पडली नव्हती. खिडकीशी बसून शेतं बघायची. मी शेजारी पुस्तक उघडून बसायचो आणि एक पान उलटायचो नाही.

ती बरी होत होती. आता दाजींना सांगायचं राहिलं होतं.

पत्र लिहावं असं मला प्रथम वाटलं. मी चार वेळा लिहिलंही. पण दुकानावर येणारी पत्रं मुनीम फोडायचा आणि गादीवर बसलेल्या सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचा. तोच त्यांचा रिवाज होता. त्यात खासगी, व्यापारी असा फरक नव्हता. माझी चारही पत्रं मी चुलीत घातली. मग आप्पा म्हणाले, धोंड्याला येतीलच, तेव्हा समोरासमोर सांगू.

त्या वर्षी श्रावण दोन आले होते. अधिक महिन्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात जावयाला बोलावून, त्याचे पाय धुऊन, पुरण भरलेले धोंडे जेवू घालतात आणि तेहतीस अनारशांचं वाण दिवा लावून त्याच्या हातात देतात. त्या दिवशी जावई हा घरातला देव. आईबापांनी त्याला वाकून नमस्कार करायचा. आम्ही सांगायला नेमका तो दिवस निवडला. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. आम्हाला सुचलं, कारण सासऱ्यानं जावयाला विनाकारण बोलावणंही आमच्यात बरं दिसत नाही.

दाजी आले. नवं धोतर, अत्तराचा वास, येताना माझ्यासाठी एक फाउंटन पेन. आप्पांनी ताटात त्यांचे पाय ठेवून धुतले आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. आप्पांच्या कोटाच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती, हे मला ठाऊक होतं.

पंगत बसली. दाराआडून आई आणि शेजारणी आग्रह करत होत्या.

"आईसाहेब," दाजी म्हणाले, "जेवू घालायचा बेत हाय का नदीत बुडवायचा? एवढं धोंडं पोटात गेल्यावर मानूस वर येत न्हाय."

शेजारची काकू म्हणाली, "बुडा खुशाल. आमची लेक पव्हनारी हाय, काढंल वर."

"ती कसली काढतीय! ती काठावर बसून म्हनंल, तूप वाढू का आनखी?"

अक्का तूप वाढायला खरंच तिथं उभी होती. सगळे हसले. तीही हसली, पदर तोंडाला लावून. ती त्या दिवशी इतकी छान दिसत होती की आईनं नंतर तिची दृष्ट काढली. दहा सुयांनी तिच्या गालांवर रंग आला होता.

हात धुऊन झाल्यावर आप्पा आणि दाजी ओसरीवर बसले. मी खांबाशी उभा राहिलो. आप्पांनी पानाचा डबा पुढं केला, घसा साफ केला.

"जावईबापू, तबियत कशी आहे?"

"एकदम मजबूत."

"फिरतीवर असता. जपत जावा."

"व्हय की."

आप्पांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि बराच वेळ कातरत राहिले. मग उठून आत गेले आणि मला खुणेनं बोलावलं. चिठ्ठी माझ्या हातात कोंबून म्हणाले, "तू सांग. तुम्ही बरोबरीचे आहात. ज्याचे पाय धुतले त्याला हे मी कोणत्या तोंडानं सांगू?"

संध्याकाळी मी दाजींना नदीकडं फिरायला नेलं. पाऊस उघडला होता. बराच वेळ मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, "दाजी, डॉक्टरांनी तुम्हालाही एकदा बोलावलंय. अक्काला जे आहे, त्याचं औषध दोघांना घ्यावं लागतं म्हणे."

ते थांबले. त्यांना कळलं होतं. मला वाटतं, मी पुरतं बोललो नाही म्हणून त्यांना बरंच वाटलं.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? लग्नाआधी झालं हुतं मला कायतरी. बाजारच्या गावी, संगतीनं गेलो. मग एका हकिमाकडनं धुरी घेतली. सात दिवस आळणी खाल्लं. फोड गेलं, डाग गेलं. आता बघा, अंगावर एक खूण हाय का? गेलेलं दुखणं उकरून काय मिळायचं?"

"तिथं जाणं थांबलंय ना?"

ते हसले. "तुमी पुस्तकातली मानसं. म्हैना म्हैना बायकू माहेरी, आमी वाटेवर."

फोड आपोआप जातात आणि रोग आत राहतो, हे मी त्या पुस्तकात वाचलेलं होतं. पान कितवं तेही मला माहीत होतं. तेवढं एक वाक्य मला त्यांना सांगायचं होतं. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यातलं तिला काही सांगू नका हं. तिच्या मनातून उतरंल मी," आणि मी म्हणालो, "नाही सांगत." चिठ्ठी माझ्याच खिशात राहिली.

दुसऱ्या दिवशी अक्का त्यांच्याबरोबर कळंबला गेली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर अनारशांचा डबा. गाडी सुटताना खिडकीतून मला म्हणाली, "आता बघ, पुढच्या खेपेला तुला मामा करते का न्हाय."

पुढच्या खेपेला मी तिला पाचव्या महिन्यातच आणायला गेलो. आई म्हणत होती, लवकर आणा, जपू. ती बारीक झाली होती. आणल्यावर महिन्याभरात एका दुपारी पोटातलं हलेनासं झालं. आम्ही धाराशिवला नेईपर्यंत फार रक्त गेलं. मुलगी होती, गेलेली. त्यानंतर अक्काला ताप भरला, तो चौदा दिवस राहिला, आणि त्या तापानं आतलं सगळं नासलं. आता दिवस राहणं कठीण, असं डॉक्टरांनी पुढं सांगितलं.

ती खाटेवर डोळे मिटून पडली होती. डॉक्टर तेच होते. त्यांनी जुना कागद काढला, बघितला आणि माझ्याकडं वळले.

"नवऱ्याला आणलं होतं का?"

"नाही."

"सांगितलं तरी होतं का?"

ते म्हणाले, "तुम्ही मास्तर ना?" आणि पुढच्या खाटेकडं गेले.

अक्कानं डोळे उघडले. ती जागी होती. "त्यांना कशाला आनायचं हुतं?"

मी स्टूल ओढून बसलो आणि तिला सांगितलं. सगळं सांगितलं, रोगाचं नाव, तो कसा येतो, मुलांत कसा उतरतो, डॉक्टर पहिल्या दिवशी काय म्हणाले होते, नदीवर दाजी काय म्हणाले. दहा मिनिटंही लागली नाहीत. ज्या गोष्टीपायी एवढं झालं ती दहा मिनिटांत सांगून संपली.

ती छताकडं बघत होती. मग म्हणाली, "आप्पांना म्हाईत हुतं. तुला म्हाईत हुतं. ह्यांना म्हाईत हुतं. आन् मी उपास करत बसले."

"तुला लाज वाटेल, असं आम्हाला—"

"तीन पोरं मातीत गेली रे माझी. लाज कुठं ऱ्हायली?" तिचा आवाज चढला नाही. "मला सांगितलं असतंस तर मी हाताला धरून आनलं असतं त्यांना. माझं ऐकलं असतं त्यांनी. निदान त्या वक्ती ऐकलं असतं."

ती रडली नाही. मी रडलो, आणि तिनं हात पुढं करून माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात तापानं फणफणत होता.

बरी झाल्यावर, तिच्या सुया पुन्हा पुऱ्या झाल्यावर, ती कळंबला गेली आणि तिनं खरंच दाजींना आणलं. आमच्या घरी उतरले. चार दिवस ती त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली, बाहेरच्या बाकावर बसली. पाचव्या दिवशी दाजी म्हणाले, "बास झालं. बसता येईना, उठता येईना. बरं वाटतंय की मला. बाजार चुकवून सुया घेत बसू का?" अक्का म्हणाली, सहा राहिल्यात. ते म्हणाले, परत येऊ. ते परत आले नाहीत.

तिनं कळंबला गेल्यावर आपलं अंथरूण वेगळं केलं, सैपाकघरात. त्यांना म्हणाली, "सुया पुऱ्या करा, मग." दाजी आधी हसले, मग चिडले, मग बोलेनासे झाले. वर्ष तसंच गेलं. सासूच्या कानावर अंथरुणाची गोष्ट गेलीच. "नवऱ्याला लांब ठिवून पोरं होत्यात व्हय कुठं?" आणि तिनं दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली.

माकणीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी सोयरीक जमत आली. घर गरीब, मुली चार. पण मुलीच्या बापानं एक अट घातली : पहिलीनं स्वतः येऊन आपल्या तोंडानं सांगावं की तिची हरकत नाही, म्हणजे पुढं आपल्या लेकीला सवतीचा जाच व्हायला नको. अशी अट तेव्हा घालत असत. सासूनं अक्काला सांगितलं, भावाला घेऊन जा आणि मुलीला कुंकू लावून ये.

मी संतापलो. कायद्यानं आता दुसरी बायको करता येत नाही, मी अर्ज करतो, असं म्हणू लागलो. अक्का शांतपणे लुगड्याची घडी घालत होती. "अर्ज मागनं लिव्ह. आधी मला तिथं ने."

एसटी सोडून पुढं चार मैल बैलगाडीनं गेलो. काळी जमीन, करडई फुलात होती. मुलीच्या बापानं मला ओसरीवर घोंगडी टाकून दिली. अक्का आत गेली.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या बहिनीची काही हरकत न्हाय न्हवं? खरं सांगा. गरीब मानूस हाय मी, पन लेकीच्या जिवाशी खेळ नको."

मी म्हणालो, "ती आत बोलतेय. तीच सांगेल." तेवढंच मला जमलं.

बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. भांडं नाही, बांगडी नाही. मग मुलीची आई उंबऱ्यापर्यंत आली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून नवऱ्याला म्हणाली, "जरा आत या." तो गेला. परत आला तेव्हा उभाच राहिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाव्हनं, च्या घ्या. मी गाडी जुपतो."

निघताना त्या बाईनं अक्काला पाटावर बसवून खण-नारळानं तिची ओटी भरली. तांदूळ घरात नसावेत, तिनं ज्वारीनं भरली. मुलगी दाराशी उभी होती. सतराची असेल, नाकात चमकी. ती अक्काच्या पाया पडली, तर अक्कानं तिला मधेच धरलं.

पुढं एसटी मिळाली. बार्शीकडं जाणारी एक वरात मधे चढली, उतरली. मग मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"तू मला जे सांगायचं हुतंस ते."

थोड्या वेळानं ती आपणच बोलू लागली. "पोरगी हुशार हाय. रडली न्हाय. एकच विचारलं तिनं. म्हनली, मग तुमी का ऱ्हायलात तिथं?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला कुनी सांगितलंच न्हवतं, बाई."

सोयरीक मोडली. चार दिवसांत कळंबहून एक माणूस अक्काची पेटी आमच्या ओट्यावर ठेवून गेला. त्यात तिची लुगडी होती, दागिने नव्हते. ती त्यानंतर सात वर्षं आमच्याकडं राहिली. गाव तिला टाकलेली म्हणायचं. नळावर कुणी खोचून विचारलं, "न्यायला येत न्हाईत व्हय गं तुला?" तर ती म्हणायची, "येत्यात की. मीच मुहूर्त बघतेय," आणि कळशी उचलून चालू लागायची. आप्पा दोन वर्षांनी गेले. तेवढ्या काळात त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. ती मात्र रोज त्यांचं पान स्वतः वाढायची आणि ते जेवेपर्यंत समोर बसायची.

दाजींनी नंतर लग्न केलंच. या वेळी कुणाची अट नव्हती, कुणाला विचारायला पाठवलं नाही. लांबची मुलगी, आईबाप नसलेली, भावानं दिलेली. आम्हाला कळेपर्यंत सहा महिने होऊन गेले होते. अक्कानं ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तिनं जळू दिली. मग म्हणाली, "तू जा."

"कुठं?"

"कळंबला. मला त्या दारात उभं करनार न्हाईत. तू जा आन् सांग. पोटुशी हाय म्हनत्यात ती."

मी गेलो. दुकानात गेलो नाही. घरापुढच्या लिंबाखाली उभा राहिलो. योगायोगानं मुलीचा भाऊ त्याच दिवशी तिला बाळंतपणाला न्यायला आला होता. वळकटी बांधत होता. माझ्याहून लहान, अंगात इस्त्रीचा सदरा. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. या वेळी अर्धवट बोललो नाही. तिला धाराशिवच्या दवाखान्यात न्या, रक्त तपासा, अजून वेळ आहे, सुया घेतल्या तर मूल जगेल. आणि तुमच्या दाजींनाही न्या.

तो ऐकत होता. आधी त्याला वाटलं मी कुणी दवाखान्याचा माणूस आहे. मग त्यानं विचारलं, "तुमी कोन?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा बदलला.

"असं व्हय. तुमची बहीन नांदली न्हाय, म्हनून आमच्या दाजींची बदनामी करता? लाज वाटत न्हाय, मास्तर म्हनवून घेता?"

"तुमच्या बहिणीसाठी सांगतोय."

"माझ्या बहिनीचं मी बघतो." तो तोंड फिरवून गेला. दारात ती उभी होती, एक हात कमरेवर, ऊन लागू नये म्हणून दुसरा कपाळावर. तिनं माझ्याकडं बघितलं. मी कोण हे तिला माहीत नसावं. त्याच्या बोलण्यातलं तिच्यापर्यंत काय पोचलं असेल, मला सांगता येत नाही. मी तिच्याकडं चार पावलं टाकायला हवी होती. मधे तिची सासू दारात आली आणि मी थांबलो.

घरी येऊन अक्काला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "तिला सांगितलंस, का तिच्या भावाला?"

"भावाला."

तिनं पाट मांडला. माझं पान वाढलं.

अक्का गेल्याला या माघात वर्ष झालं. छातीत दुखायला लागलं आणि तीन दिवसांत गेली. त्या जुन्या रोगाचा यात काही संबंध असेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. नवे डॉक्टर होते. म्हणाले, सांगता येणार नाही. तिचं वय चाळीसच्या आत होतं.

दाजींच्या त्या दुसऱ्या बायकोचं मूल जगलं की नाही, तिला पुन्हा दिवस राहिले की नाही, हे आम्हाला कळलं नाही. तिचं माहेर कुठलं तेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. कुणी एक गाव सांगे, कुणी दुसरं. अक्का शेवटपर्यंत विचारत असे. कळंबच्या गाडीनं कुणी बाई उतरली की पाण्याचा तांब्या घेऊन स्टँडवर जायची, तिला सावलीत बसवायची, इकडची तिकडची चौकशी करत त्या घराशी यायची. बायका म्हणायच्या, अजून नवऱ्यात जीव अडकलाय हिचा. ती त्यांना तसं म्हणू द्यायची.

आता स्टँडवर मी जातो. पण बायका माझ्याशी बोलत नाहीत, आणि पुरुषांना त्या घरातल्या बाईचं काही माहीत नसतं.